रग्गड म्हणजे किती

आमचे शेजारी बिराप्पा पाणी वाढायला लागले की ‘बास’ म्हणून काही उपयोग नसे. ‘पुरे’ म्हणूनही नसे. पेल्यावर हात आडवा धरला तर ते बोटांच्या फटीतून धार सोडत. पेला काठोकाठ भरे, पाणी बोटांवरून, मनगटावरून ओघळे आणि खाली ठेवलेल्या पितळी परातीत पडे. परात आधीच मांडलेली असे, कारण पाहुणा ‘बास’ म्हणणार आणि आपण थांबणार नाही, हे त्यांना ठाऊक असे. त्यांचा हात थांबायचा तो एकाच शब्दाला. पाहुण्यानं ‘रग्गड’ म्हटलं की तांब्या तिथल्या तिथं सरळ होई. त्यानंतर एक थेंब सांडत नसे.

मीरा, ईशान, हा नियम तुमच्या बाबांना कोणी सांगितला नव्हता. लग्नानंतर ते पहिल्यांदा सोलापूरला आले तेव्हा बिराप्पांनी जावईबापूंना पाणी प्यायला घरी बोलावलं. तुमचे बाबा सभ्य माणूस. ते ‘बास, बास, थँक्यू’ म्हणत राहिले आणि धार पडत राहिली. आधी बाही भिजली, मग विजारीचे गुडघे. मी समोरून खाणाखुणा करत होते, पण ते सासूबाईंकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायला लाजत होते. शेवटी बिराप्पांच्या बायकोला, हौसाबाईंना दया आली. “रग्गड म्हना, जावईबापू,” त्या दारामागून म्हणाल्या, “न्हायतर आंगुळ हितंच हुईल.”

हे सगळं आत्ता आठवायचं कारण मीराच आहे. गेल्या रविवारी फोनवर मी म्हटलं, यंदा आंबे रग्गड आलेत. मीरानं विचारलं, “आजी, रग्गड म्हणजे किती?” मी म्हटलं, पुष्कळ. तिनं विचारलं, म्हणजे नक्की किती? मी म्हटलं, लिहून कळवते.

चौतीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं. शब्दाचा अर्थ विचारला की आधी शब्दकोश उघडायचा, मग तो शब्द वाक्यात वापरून दाखवायचा, ही माझी शिस्त. शब्दकोशात मी पाहिलं. पुष्कळ, विपुल, गरजेहून जास्त, असं दिलं आहे. चूक नाही, पण त्यानं तुमच्या बाबांची विजार भिजत नाही. म्हणून वाक्यात वापरून दाखवते. वाक्य जरा लांब होईल.

बिराप्पा आमच्या भिंतीला भिंत लावून सव्वीस वर्षं राहिले. सांगोल्याच्या पलीकडच्या एका कोरड्या गावातून आलेलं धनगराचं कुटुंब. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर. बिराप्पा थोडं शिकले आणि शहरात पाणी सोडायच्या कामाला लागले. तुमच्याकडे नळ फिरवला की पाणी येतं, म्हणून हे काम काय ते सांगायला हवं. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेही गल्ली-गल्लीला वेगवेगळ्या वेळी. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली मोठ्या चाव्या असतात. ज्या गल्लीची वेळ असेल तिथली चावी फिरवून पाणी सोडायचं, वेळ संपली की बंद करायचं. त्यासाठी माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी सळई लागते, वर आडवी मूठ असलेली. बिराप्पा ती खांद्यावर टाकून सायकलवर येत. सगळे त्यांना चावीवाले म्हणत.

चावी फिरवण्याआधी ते एक गोष्ट करत. सळई खाली चावीला लावायची, वरच्या मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. गल्लीतल्या बायका बादल्या, घागरी घेऊन ओळीनं उभ्या असत. पलीकडच्या यंत्रमागांची खडखड सोडली तर सगळं चिडीचूप. मग बिराप्पा डोळे न उघडता जाहीर करत, “मोहोळ वलांडलं.”

उजनी धरणाचं पाणी मोहोळवरूनच येतं, हे खरं. पण ते मोहोळला पोचलं की पुढे आलं, हे सळईतून ऐकू येणं शक्य नाही, असं मी त्यांना एकदा सांगितलं. मी पाइपची लांबी, दाब वगैरे बोलले. त्यांनी आदरानं ऐकून घेतलं. पुढच्या वेळी सळईला कान लावून म्हणाले, “बाई, तुमी म्हनला ते बराबर. पन वलांडलं.” आणि पाच मिनिटांत नळाला हवा सुटून खोकल्यासारखा आवाज आला. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

अशा माणसाच्या घरात पाणी किती असावं? मी एकदा मोजलं होतं. निळी प्लास्टिकची पिंपं सात. तांब्याचे हंडे नऊ. घागरी आणि कळशा मिळून एकवीस. एक रांजण, दोन माठ. शिवाय तेलाचे रिकामे डबे आणि एक जुना कुकर, ज्याची शिट्टी हरवली होती म्हणून त्याला पाण्याच्या सेवेत घेतलं होतं. दोन खोल्यांचं घर. दारातून स्वयंपाकघरात जायचं तर एका खांद्यानं पिंपाला आणि दुसऱ्यानं हंड्याला वाट मागत जावं लागे. रात्री त्यांचं अंथरूण पिंपांच्या मधे पडे. त्यांचा मुलगा सुरेश दहावीला होता तेव्हा दोन पिंपांवर फळी टाकून अभ्यास करायचा. पुढे तो इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. पिंप उघडायचं असलं की त्याला वह्या उचलाव्या लागत, म्हणून तो एकदाच वाचून पाठ करायला शिकला, असं हौसाबाई सांगत.

कुठल्या भांड्यात कधीचं पाणी आहे हे बिराप्पांना तोंडपाठ असे. “ह्ये मंगळवारचं, झाडाला. ह्ये शुक्कुरवारचं, धुन्याला. आन ह्ये सकाळचं. ह्ये तुमाला.” पाहुण्याची योग्यता पाण्याच्या वारावरून ठरे. मला कायम सकाळचं मिळालं, हे मी अभिमानानं नोंदवते.

परातीत सांडलेलं पाणी वाया जात असेल असं समजू नका. ते तुळशीला, तिथून उरलं तर अंगणातल्या लिंबाला, आणि वाटेत पायावर पडलं तर पाय धुतले असं धरलं जाई.

एवढं साठवूनही त्यांना रोज संध्याकाळी एक वाक्य म्हटल्याशिवाय चैन पडत नसे. पिंपांची झाकणं एकेक उचलून बघत आणि हौसाबाईंना सांगत, “रग्गड हाय.” हौसाबाई भाकरी थापता थापता म्हणत, “व्हय, रग्गड हाय. आता त्यातनं वाट काढून जेवायला या.”

मी भाषेची शिक्षिका. मला राहवलं नाही. एका संध्याकाळी मी विचारलं की लई आणि रग्गड यांत फरक काय? ते विचारात पडले. तसा विचार त्यांनी पगारवाढीचाही केला नसेल.

“ऊन लई आसतं,” ते म्हणाले. “ऊन रग्गड हाय, आसं कोन म्हनतंय का?”

मी म्हटलं, नाही.

“कटकट लई आसती. तरास लई आसतो. रग्गड म्हंजी बाई, जे जास्त झालं तरी बरं वाटतंय, ते.”

मी हे वहीत लिहून घेतलं. शब्दकोशात नाही.

तर असा हा माणूस. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले. चपलेचा पट्टा लागेना, दोन पावलं चालले तरी धाप लागे. सुरेशच्या सांगण्यावरून हौसाबाई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मीही गेले, कारण कागद वाचायला मी लागते. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला आणि सांगितलं की हृदय थकलंय, त्याला रक्त नीट पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे अंगात पाणी साचतंय.

बिराप्पांनी विचारलं, “कुटं?”

“अंगात. पाणी फार झालंय तुमच्या अंगात.”

बिराप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. ते हौसाबाईंकडे वळून म्हणाले, “आयकलं का? आंगात पानी रग्गड हाय म्हनत्यात. सांगोल्याच्या मानसाच्या आंगात. गावात कुनी इस्वास ठेवायचा न्हाय.”

डॉक्टरांनी ते पुरतं होऊ दिलं आणि मग सांगितलं, की आजपासून दिवसाला एक लिटर. चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचं पाणी, सगळं धरून एक लिटर. रोज सकाळी वजन करायचं. पाणी जास्त झालं तर फुप्फुसात शिरेल आणि मग पुण्याहून मुलाला बोलावण्याइतकाही वेळ मिळणार नाही. डॉक्टर हे सौम्यपणे बोलले, पण तिघांनाही कळलं.

“घरात मोजून देणारं कोणी आहे का?” त्यांनी विचारलं.

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या घरातलं सगळ्यात लहान माप तांब्या. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मीरा, तुझ्या आईनं मला केक करण्यासाठी मापाचा एक काचेचा कप पाठवला होता. बाजूला लाल रेघा, मिलिलिटरचे आकडे. मी आयुष्यात केक केला नाही. तो कप मी त्या दिवशी खाली काढला. एक काचेची बाटली घेतली, तिच्यावर चिकटपट्टीच्या पाच पट्ट्या लावल्या आणि प्रत्येकीवर वेळ लिहिली. सात, दहा, एक, चार, सात. रोज सकाळी मी जाऊन एक लिटर भरायचं, त्यातूनच चहाचं पाणी घ्यायचं, आणि त्या त्या वेळी पाणी त्या त्या पट्टीपर्यंतच खाली उतरलं पाहिजे. सोबत एक वही. तारीख, वजन, आणि पाच घरं. बिराप्पा त्या बाटलीला बाईंचं टाइमटेबल म्हणत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फसवायला सुरुवात केली. माझ्या शाळेतल्या मुली इतक्या हुशार नव्हत्या.

एके दुपारी गेले तर समोर अर्धं कलिंगड. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “पीत न्हाय बाई. खातोय.” मी कलिंगड बंद केलं. मग त्यांना चूळ भरायचा नाद लागला. जेवणाआधी, जेवणानंतर, गोळीच्या आधी, कुणी आलं म्हणून, कुणी गेलं म्हणून. तोंडात गेलेलं सगळं बाहेर येत नाही असा मला संशय आला. मी म्हटलं, चूळ भरा, पण या कपातून घ्या आणि या वाटीत टाका, मी दोन्ही मोजते. त्यांनी हात जोडले. “बाई, तुमी पोलिसात पायजे हुता.” त्यानंतर चूळ बंद झाली.

वजनाचा काटा मात्र खरं बोलत होता. एकदा एका रात्रीत सव्वा किलो वाढलं. हौसाबाईंनी शपथ घेतली की बाटलीबाहेर काही दिलं नाही. बिराप्पा काट्यावर उभे राहून छताकडे बघत होते. शेवटी त्यांनी कबूल केलं. आदल्या दिवशी गल्लीत पाणी सुटलं होतं. आपल्या जागी आलेल्या नव्या चावीवाल्याला सळईला कान कसा लावायचा ते दाखवायला म्हणून ते बाहेर गेले, आणि कुणाच्या तरी दारातल्या नळाखाली ओंजळ धरली. “येक ओंजळ,” ते म्हणाले. मी नुसती बघत राहिले. “धा आसतील,” ते म्हणाले.

त्या दिवशी मी रागावले. मी शाळेत वापरायचे तोच आवाज काढला. म्हटलं, बिराप्पा, तुम्हाला जगायचं आहे की नाही ते सांगा, म्हणजे मी माझा कप घेऊन घरी जाते. ते काट्यावरून खाली उतरले. हौसाबाई पिंपाला टेकून उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. त्या दिवसापासून बिराप्पांनी चोरी केली नाही. पण घरात सात पिंपं, नऊ हंडे आणि एकवीस घागरी-कळशा भरलेल्या, आणि त्यांच्या मधे हा माणूस अंग चोरून बाटलीवरच्या पट्टीकडे बघत बसलेला, हे मला रोज बघावं लागे.

दुपारी चारचं पाणी मी स्वतः द्यायची. ती वेळ सगळ्यात कठीण. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. पंखा गरम हवा फिरवत असतो आणि भिंतींना हात लावला तरी चटका बसतो. दोनशे मिलिलिटर ते अर्धा तास पुरवत. एक घोट घेत, तो तोंडात धरत, मग पेल्याकडे बघत. मी त्यांना बोलतं ठेवायची, म्हणजे वेळ जाई.

एकदा मी विचारलं, की पाहुण्यानं ‘बास’ म्हटलं तरी तुम्ही का थांबत नाही?

त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावाजवळ एक ओढा होता. उन्हाळ्यात तो आटायचा. मग आई आणि हे, दोघं जाऊन वाळूत खड्डा खणायची. कोपरभर खाली गेलं की ओल लागे. वाट बघत बसायचं. खड्ड्यात पाणी झिरपून साचलं की नारळाच्या करवंटीनं उपसून कळशीत घालायचं. एक कळशी भरायला सकाळ जायची. बाप मेंढरं घेऊन लांब. भरली की आई आधी प्यायची, कारण ऊन तिला जास्त लागलेलं असे.

“दोन घोट प्यायची,” बिराप्पा म्हणाले, “आन म्हनायची, बास. कळशी माज्याकडं सारायची. मी प्यायचो पोटभर. रोज. मला वाटायचं, आयला तहानच कमी हाय.” त्यांनी पेला खाली ठेवला. “लई वर्सांनी ध्येनात आलं. दोन घोटात कुनाचं बास हुतंय व्हय, बाई?”

मी पेला पुन्हा त्यांच्या हातात दिला.

“तवापास्नं त्या शब्दावर माजा इस्वास न्हाय. मानूस लाजंनं म्हनतंय, मायेनं म्हनतंय, पन खरं म्हनत न्हाय.”

“आणि रग्गड?”

“रग्गड खोटं म्हनता येत न्हाय,” ते म्हणाले. “पोट भरल्याबिगर त्यो शब्द त्वांडातनं निगतच न्हाय. तुमी बगा म्हनून.”

मी त्यांचं दोनशे मिलिलिटर संपल्याची खूण वहीत केली आणि घरी आले. आता मला माझ्या माठातलं पाणी प्यायला अवघड वाटू लागलं होतं.

बाटली सुरू होऊन बरोबर तीन आठवडे झाले होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील, मी चारच्या तयारीला लागले होते, तेवढ्यात भिंतीवर थाप पडली. एकदाच नाही, धपाधप. मी धावले. हौसाबाई पिंपांच्या मधे जमिनीवर बसल्या होत्या, हातातली कळशी कलंडलेली. डोळे उघडे होते पण नजर ठरत नव्हती. ओठ पांढरे पडलेले. बिराप्पा त्यांना धरून भिंत बडवत होते आणि बडवताना त्यांनाच धाप लागली होती.

मी बिराप्पांना खाटेवर बसवलं, हौसाबाईंच्या तोंडावर ओलं फडकं ठेवलं आणि साखर-मिठाचं पाणी करायला फळीकडे वळले. मिठाचा डबा जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यामागे असे. पिठाचा डबा सरकवला तर मागे एक बाटली.

माझ्याच बाटलीसारखी. पण तिच्यावर चिकटपट्ट्या नव्हत्या. कपाळाला लावायच्या पाच लाल टिकल्या होत्या, एकाखाली एक, जरा तिरक्या. माझी बाटली शेजारी ठेवून उंची जुळवलेली दिसत होती. पाणी तिसऱ्या टिकलीपाशी होतं. मी वळून बिराप्पांच्या बाटलीकडे पाहिलं. पाणी तिसऱ्या पट्टीपाशी होतं.

साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पोटात गेलं तशा हौसाबाई सावरल्या. मी बाटली त्यांच्यासमोर धरली. हे कधीपासून चाललंय, मी विचारलं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“पैल्या दिसापास्नं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी घोट घोट मोजून प्यायचं आन म्यां हितंच तांब्या त्वांडाला लावायचा, ह्ये बरं दिसतं व्हय?”

मी त्यांना सांगू लागले की तुमचं हृदय धड आहे, तुमच्या अंगाला पाणी हवं, या उन्हात असं केलं तर माणूस हातचा जातो. मी बरंच बोलले असते. पण बिराप्पा उठले होते.

त्यांनी कोनाड्यातली पितळी परात काढली आणि हौसाबाईंच्या पायाशी ठेवली. मोठ्या माठातून तांब्या भरला. सकाळचं पाणी. पेला त्यांच्या हातात दिला आणि धार सोडली. धार सरळ होती.

“बास,” हौसाबाई म्हणाल्या.

धार थांबली नाही. पेला भरला, पाणी त्यांच्या बांगड्यांवरून परातीत पडू लागलं.

“बास की वो. येड लागलं का?”

हौसाबाईंनी पेला रिकामा केला. बिराप्पांनी परत भरला. दुसरा गेला. तिसऱ्याला हौसाबाई थांबल्या, दम घेतला आणि पेला तोंडाला लावला. बिराप्पा त्यांच्या गळ्याकडे बघत होते. प्रत्येक घोट उतरताना बघत होते. त्यांचे स्वतःचे ओठ सोलपटलेले होते आणि मला दिसलं, की हौसाबाई गिळत होत्या तसा त्यांचाही गळा वर-खाली होत होता.

चौथा पेला अर्धा झाला तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, “रग्गड. रग्गड झालं आता.”

तांब्या सरळ झाला. एक थेंब सांडला नाही.

तोवर चार वाजून गेले होते. मी बिराप्पांची बाटली आणली, चौथ्या पट्टीपर्यंतचं पाणी कपात ओतलं आणि पुढे केलं. ते भिंतीला टेकून बसले होते. कपाकडे त्यांनी पाहिलंही नाही. हौसाबाईंच्या ओल्या हनुवटीकडे बघत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, बाई. मला रग्गड झालं.”

मी कप तसाच धरून उभी राहिले. मग ते पाणी पुन्हा बाटलीत ओतलं. घरी येऊन वही उघडली. माझ्या वहीत रिकामं घर ठेवायची पद्धत नाही.

त्यानंतर हौसाबाई माझ्यासमोर रोज सहा पेले पाणी पिऊ लागल्या. बिराप्पांनी एक लिटरची शिस्त आजवर पाळली आहे. गेल्या वर्षी सुरेश दोघांना पुण्याला घेऊन गेला. सहाव्या मजल्यावर फ्लॅट आहे. पिंपं आणि हंडे गल्लीत वाटले. परात मला दिली, ती मी माठाखाली ठेवली आहे. बिराप्पा कधी कधी फोन करतात. “हितं कवा बी नळ सोडा, पानी हायच,” असं मागे एकदा म्हणाले. मी म्हटलं, मग बरं आहे की. ते म्हणाले, “व्हय. पन आयकायला काय न्हाय.” भिंतीपलीकडून संध्याकाळी झाकणं उचलल्याचा आवाज येत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

मीरा, तुझं उत्तर राहिलं. त्या उन्हाळ्यात महिना संपल्यावर आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. सूज उतरली होती. डॉक्टरांनी माझी वही शेवटपर्यंत चाळली. दोनशे, दोनशे, एकशे नव्वद, दोनशे. एका पानावर ते थांबले. चारच्या घरात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रग्गड’.

“बाई, हे किती?” त्यांनी विचारलं.

“शून्य,” मी म्हणाले.

ते आणखी काहीतरी विचारणार होते, पण त्यांची नजर माझ्यामागे गेली. कोपऱ्यात पेशंटसाठी पाण्याचा कूलर होता. हौसाबाई पेला भरून घेत होत्या आणि नळ जोरात सुटल्यामुळे पाणी काठावरून सांडत होतं. बिराप्पा त्यांच्या शेजारी उभे होते. तिथं परात नव्हती, म्हणून त्यांनी पेल्याखाली आपली ओंजळ धरली होती.